डोळ्यांवरची पट्टी आणि नाकालगतची फट

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पुढे पाठवली आणि खाली विचारले, "दादा, हिला घालू का? आज रात्रीपर्यंत पैसे भरले तर सवलत आहे." 'हिला' म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला. जाहिरात 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' नावाच्या दहा दिवसांच्या उन्हाळी शिबिराची होती, वयोगट ५ ते १५, शुल्क साडेबारा हजार रुपये. संगीत ऐकवून मुलाचा 'सुप्त' मध्यमेंदू (मिडब्रेन, म्हणजे मेंदूच्या मध्यभागातला एक लहान भाग) जागा करायचा, डाव्या-उजव्या मेंदूचे 'संतुलन' साधायचे, की मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचते, त्याची स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढते आणि चष्माही सुटतो, असे तिचे दावे; सोबतीला 'जपानी तंत्रज्ञाना'चा उल्लेख, पालकांचे अनुभव आणि 'फक्त ७ जागा शिल्लक' ही ओळ. हाच मजकूर गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या गटावर दुसऱ्या शहराच्या नावाने येऊन गेला होता आणि त्यातही 'फक्त ७ जागा शिल्लक' असेच लिहिलेले होते. वर्षभरात त्या सातांपैकी एकही जागा भरलेली दिसत नाही. बहिणीला फोनवर जे सांगितले, ते इथे सविस्तर लिहितो, कारण तिच्यासारखे विचारणारे आता तीन जण झाले आहेत.

जाहिरातीची सुरुवात 'माणूस मेंदूचा केवळ १० टक्के वापर करतो' या वाक्याने होते. हे वाक्य निखालस खोटे आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो, आणि त्याच्या एखाद्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी माणसाची वाचा किंवा हात जातो. त्यामुळे त्यातला नव्वद टक्के भाग नुसता पडून असतो, या म्हणण्यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पुढचा दावा असा की मध्यमेंदू 'सुप्त' असतो आणि विशिष्ट संगीत ऐकवून तो 'जागा' करता येतो. मध्यमेंदू नावाचा भाग खरोखर आहे, एवढे मान्य करायला हवे. परंतु तो झोपलेला असता, तर शिबिराची चौकशी करण्याची वेळच आई-वडिलांवर आली नसती. डोळ्यावर बॅटरीचा प्रकाश पडताच बाहुली आकसते, त्या प्रतिक्षिप्त क्रियेचे केंद्र मध्यमेंदूत असते, आणि म्हणूनच बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यात डॉक्टर आधी बॅटरी मारून पाहतात. याच भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरू लागल्या की कंपवात होतो. ज्या मुलाचे डोळे इकडून तिकडे फिरतात आणि जे मूल हाक मारल्यावर वळून पाहते, त्याचा मध्यमेंदू आपले काम करतोच आहे. तो साडेबारा हजार भरण्याची वाट पाहत थांबलेला नाही.

डाव्या आणि उजव्या मेंदूच्या 'संतुलना'चा मुद्दा अर्धसत्यावर उभा आहे. मेंदूचे दोन अर्धगोल काही कामे वेगवेगळी करतात, हे रॉजर स्पेरी यांच्या संशोधनातून पुढे आले आणि त्यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु काही मुले 'डाव्या मेंदूची' आणि काही 'उजव्या मेंदूची' असतात, असा अर्थ त्यातून निघत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून अधिक जणांच्या मेंदूची चित्रे तपासून २०१३ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यातही अशी विभागणी आढळली नाही. जिथे मुळात असंतुलनच नाही, तिथे संतुलन कशाचे करणार?

आता खरा मुद्दा. जाहिरातीसोबत एक व्हिडिओ आहे. त्यात डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली एक मुलगी खेळातल्या पत्त्याचा रंग ओळखते, पुस्तकातली ओळ वाचते, आणि पाठीमागे कुणाची तरी आई डोळे पुसते. याच व्हिडिओमुळे बहीण विरघळली. मी तो चार वेळा पाहिला. मुलगी पत्ता हातात घेते, हुंगते, बोटांनी चोळते, दोनदा पट्टी सारखी करते, मान किंचित वर उचलते आणि मग उत्तर देते. पत्ता संपूर्ण वेळ छातीच्या किंवा पोटाच्या उंचीवर आहे, एकदाही कपाळाच्या वर गेलेला नाही. याचे कारण सोपे आहे. पट्टी नाकाच्या उंचवट्यावर आणि गालाच्या हाडांवर टेकते, त्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिच्यातून खाली पाहिले की हातातली वस्तू चांगली दिसते. जादूगारांना ही फट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी तर या वर्गांमागची हीच क्लृप्ती वर्षानुवर्षे लोकांसमोर उघड केली आहे.

पडताळणी घरच्या घरी होते. मुलाच्या हनुवटीखाली एक वर्तमानपत्र आडवे धरावे, किंवा पत्ता त्याच्या डोक्याच्या वर धरावा, किंवा पोहण्याच्या चष्म्याच्या काचांना आतून काळा कागद लावून तो चष्मा घालायला द्यावा. 'जागा' झालेला मध्यमेंदू त्याच क्षणी पुन्हा झोपी जातो. आयोजकांची उत्तरे ठरलेली असतात: मूल दमले आहे, पाहणाऱ्यांच्या मनात शंका आहे, वातावरणात नकारात्मक ऊर्जा आहे. डोळ्यांवाचून वाचण्याची विद्या खरोखर दहा दिवसांत शिकवता येत असती, तर हे लोक सर्वप्रथम दादरच्या किंवा कोरेगाव पार्कच्या अंधशाळेत गेले असते आणि तिथली मुले ब्रेल सोडून शेजारच्या मुलांची क्रमिक पुस्तके वाचू लागली असती. तिथे मात्र कुणी जात नाही, कारण त्या मुलांना फटीचा उपयोग नाही.

मला सर्वाधिक संताप येतो तो याच ठिकाणी. फटीतून दिसते आहे, हे मुलाला पहिल्याच दिवशी कळते. शिबिरातल्या ताई टाळ्या वाजवतात, आईचे डोळे भरून येतात, बाबा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात, आणि एवढे झाल्यावर नऊ वर्षांच्या मुलाने "मला खालून दिसतं" असे कबूल करावे अशी अपेक्षा कोण करणार? लबाडी करायची, ती निभावायची आणि तिचे कौतुक स्वीकारायचे, हे त्याला सुट्टीत पैसे भरून शिकवले जाते. पुढे कधी ते पकडले गेले, तर लाज त्याच्या वाट्याला येते, आयोजकाच्या नव्हे.

'चष्मा सुटतो' हा दावा तर घातकच आहे. भाचीला चष्मा आहे, आणि बहिणीला मोह पडला तो याच ओळीचा. ज्याला आळशी डोळा म्हणतात (एका डोळ्याची नजर नीट तयारच होत नाही), त्या विकारावरच्या, चष्म्यासारख्या, उपचारांना वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत सर्वांत चांगली दाद मिळते. त्या वयात संगीत ऐकवण्याच्या नादाने चष्मा काढून ठेवला, तर गेलेला काळ परत येत नाही.

स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढल्याच्या पालकांच्या अनुभवांत काहीसे तथ्य असेल, हे नाइलाजाने मान्य करतो. यादी लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवता येतात, आणि दहा दिवस मोबाइलपासून दूर राहिलेले, कुणीतरी आवर्जून लक्ष दिलेले मूल घरी खुलून येते. दोघांची नोकरी असलेल्या घरात मे महिना कसा काढायचा, हा प्रश्नही खोटा नाही. परंतु एवढा लाभ चित्रकलेच्या, पोहण्याच्या किंवा नाट्यशिबिरातही होतो आणि तिथे मेंदूचे नाव घ्यावे लागत नाही. जपानी तंत्रज्ञानाच्या उल्लेखाबद्दल काय बोलावे! जपानी मुलांनाही वाचायला डोळे लागतात.

"जाहिरात म्हटली की थोडे वाढवून सांगणारच," असे मेहुण्यांचे म्हणणे पडले. कायद्याला ते मान्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरात सत्य असली पाहिजे आणि वैज्ञानिक आधाराविषयी किंवा उपयुक्ततेविषयी अतिशयोक्ती करून तिने ग्राहकाची दिशाभूल करू नये, असे ती सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कधीही न भरणाऱ्या सात जागांचीही सोय आहे: नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली आहे, त्यांच्या यादीत पहिलीच क्लृप्ती खोटी घाई निर्माण करण्याची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करण्यापूर्वी जाहिरातीचा आणि दिलेल्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण असे संदेश पाठवणाऱ्याच्या बाजूने चटकन पुसले जातात.

बहिणीने पैसे भरलेले नाहीत. भाचीच्या चष्म्याचा नंबर तपासून वर्ष होत आले आहे, तेवढे काम मात्र याच सुट्टीत करून घे, असे तिला कळवले आहे.