नोंद त्यांची चुकली, गाडी माझी अडकली

ऐन मे महिन्यात माझी गाडी जप्त झाली होती, ही बातमी एव्हाना ओळखीच्या बहुतेकांपर्यंत पोहोचली आहे आणि प्रत्येकापर्यंत ती वेगवेगळ्या रूपात पोहोचली आहे. कुणी म्हणते मी सिग्नल तोडला, कुणी म्हणते विमा संपला होता, आणि एका नातेवाइकांनी तर फोन करून 'अपघातात कुणाला लागले का?' असे काळजीने विचारले. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझे लायसन्स निलंबित असल्याचे पोलिसांच्या यंत्रात दिसत होते आणि त्यावरून गाडी ताब्यात घेतली गेली. प्रत्यक्षात माझे लायसन्स कधीही निलंबित झालेले नव्हते. दुसऱ्याच कुणाच्या निलंबनाची नोंद संगणकात चढवताना क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले आणि ते निलंबन माझ्या नावावर येऊन बसले. ही चूक कोणत्या कार्यालयात झाली हे मला माहीत आहे, पण त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही, कारण शेकडो नोंदी करणाऱ्या माणसाच्या हातून एखादा आकडा चुकणार हे मी समजू शकते. माझे म्हणणे आहे ते चूक झाल्यानंतर तिचा भार कुणाच्या डोक्यावर टाकला जातो, याबद्दल.

सोलापुरात सात रस्त्याजवळ नाकाबंदी होती. मी गाडी चालवत होते, शेजारी माझे पती होते आणि मागे सासूबाई, ज्यांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन आम्ही निघालो होतो. लायसन्सचे कार्ड मी लगेच काढून दिले. हवालदारांनी क्रमांक यंत्रात घातला, पुन्हा घातला आणि यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. 'ताई, सस्पेंड दाखवतंय की ओ. आता मी काय करू सांगा.' त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, हे मुद्दाम नोंदवते. उलट सासूबाईंना त्यांनी सावलीत खुर्ची दिली. परंतु माझ्या हातात मुदतीतले कार्ड आहे, मला कधी कसली नोटीस आलेली नाही आणि शेजारी बसलेल्या पतींचे लायसन्स त्याच यंत्रात चोख दिसते आहे, यांपैकी कोणत्याही गोष्टीचा त्या निर्णयावर काही परिणाम झाला नाही. आम्हाला रिक्षात बसवून गाडी जप्त वाहनांच्या आवाराकडे गेली.

घरी आल्यावर मी मोटार वाहन अधिनियम, १९८८ उघडून बसले, आणि जे वाचले त्याने माझा राग कमी होण्याऐवजी वाढला. लायसन्स निलंबित करण्याचा अधिकार कलम १९ मध्ये आहे, पण तो वापरण्याआधी संबंधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, कारणे लेखी नोंदवावी लागतात, आदेश झाल्यावर त्या व्यक्तीने लायसन्स कार्यालयात जमा करायचे असते आणि आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. म्हणजे खरे निलंबन मागे कागद सोडून जाते. नोटीस नाही, आदेश नाही आणि जे कार्ड जमा व्हायला हवे होते ते माझ्याच पर्समध्ये आहे, अशा वेळी यंत्रातल्या एका शब्दावर किती विसंबावे, हा प्रश्न कायद्याला अपरिचित नाही. गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार देणारे कलम २०७ सुद्धा मोघम नाही. लायसन्सविना वाहन चालवल्याचा संशय असेल तर अधिकारी गाडीऐवजी नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊन त्याची पोच देऊ शकतो, असे त्या कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या सवलतीच्या वाक्यात, स्पष्ट लिहिले आहे. शंका असेल तेथे सौम्य मार्ग निवडण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे, आणि रस्त्यावर मात्र तो मार्ग कुणाच्या गावीही नव्हता.

यातून पटकन सुटण्याचा एक मार्ग आम्हाला त्याच संध्याकाळी सुचवला गेला, आणि तो सुचवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. 'तडजोड शुल्क भरून टाका आणि गाडी सोडवून घ्या, कशाला डोक्याला ताप?' आमच्या ओळखीच्या वकिलांनी मात्र हात जोडून सांगितले की काहीही करा, पण ते भरू नका. कलम २०० खाली तडजोड करणे म्हणजे गुन्हा झाला हे मान्य करून प्रकरण मिटवणे होय. अपात्र असताना वाहन चालवल्याबद्दल कलम १८२ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जो गुन्हा घडलाच नाही तो पैसे भरून स्वतःच्या नावावर लिहून घ्यायचा, आणि उद्या दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात 'चालकाचे लायसन्स निलंबित होते' हे आयते कोलीत द्यायचे, हा व्यवहार मला पटण्यासारखा नव्हता. मात्र ज्याचे पोट रोजच्या गाडीवर आहे, तो रिक्षावाला किंवा टेंपोवाला एवढा विचार करत बसू शकेल का? तो निमूटपणे पैसे भरेल, आणि चुकीची नोंद त्याच्या पैशाने पक्की होईल.

पुढचे हेलपाटे मी थोडक्यात सांगते, कारण ते कुणालाही नवीन नाहीत. गाडी ज्यांनी ताब्यात घेतली ते म्हणाले, परिवहन खात्याचे पत्र आणा. परिवहन खात्याच्या खिडकीवर उत्तर मिळाले, 'मॅडम, आमच्याकडनं काय होणार नाही, ज्यांनी नोंद घातली त्यांनीच काढायची असते.' ज्यांनी नोंद घातली त्यांना फोन लावला तर, अर्ज घेऊन समक्ष या. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, हाच या प्रकरणातला सर्वांत वैताग आणणारा भाग होता.

शेवटी त्या कार्यालयात एका अधिकारी बाईंनी मूळ फाइल काढायला लावली. निलंबनाच्या आदेशासोबत एक यादी जोडलेली होती. माझ्या क्रमांकाशी जुळणारा क्रमांक तिच्यात नव्हताच. होता तो जवळजवळ तसाच, पण दोन आकड्यांची अदलाबदल केलेला, आणि त्यापुढे एका पुरुषाचे नाव होते. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे निळ्या पेनाने बरोबरची खूण केलेली होती, त्याही ओळीपुढे होती. म्हणजे कागदावरची तपासणी रीतसर झाली होती. कागदावरून संगणकात जाताना जे झाले ते तपासायला कुणी नव्हते. बाईंनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, 'हा माणूस मग अजून गाडी चालवतोय की.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी अडकले हे एक, आणि ज्याला रस्त्यावरून काही काळ दूर ठेवायचे ठरले होते तो मोकळा राहिला, हे त्याहून गंभीर.

आता थोडे माझ्या धंद्याचे. मी गेली अनेक वर्षे सूत व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. एका गिऱ्हाइकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर पडणे ही आमच्याकडे नित्याची गोष्ट आहे, पण ती सापडली की उलट नोंद करून तारीख आणि कारण लिहिले जाते, ज्याच्या खात्यावर ती चुकून पडली त्याला खातेउतारा दिला जातो, आणि त्याच्याकडून व्याज घेतलेले असेल तर ते परत केले जाते. चुकीच्या खात्यावर पडलेल्या रकमेचे व्याज तुम्हीच भरा, असे कुठल्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला सांगितले तर बाजारात त्याच्या दारात कुणी उभे राहणार नाही. माझ्या बाबतीत नोंद निघाली, पण नुसती निघाली. पडद्यावर 'सस्पेंड' होते तेथे दुसऱ्या दिवशी ते नव्हते. ती चूक होती, कुणाची होती आणि मधल्या काळात माझे लायसन्स वैध होते, असे लेखी देण्याची पद्धतच नाही, असे मला सांगण्यात आले. अर्ज करून, आवक शिक्का घेऊन आणि पुन्हा मागे लागून मी ते पत्र मिळवले. त्या पत्राशिवाय मी तेथून हललेच नसते, कारण पडद्यावरून शब्द पुसला म्हणून गाडी कुणी सोडत नाही.

गाडी आणायला गेलो तेव्हा ती एका जळक्या टेंपोच्या आणि गंज चढलेल्या दुचाकींच्या रांगेच्या मध्ये उभी होती. पुढच्या काचेवर खडूने आकडा लिहिलेला होता, सोलापूरच्या उन्हाने डॅशबोर्डवरचा रबरी पट्टा उकलून वर आला होता, आणि बॅटरी उतरल्यामुळे मेकॅनिकला बोलवावे लागले. मग पावती पुढे आली: गाडी वाहून आणण्याचे आणि ठेवण्याचे शुल्क. मी विचारले, चूक माझी नाही असे हे पत्र म्हणते, मग हे मी का भरायचे? कारकुनाने पत्र प्रामाणिकपणे वाचले आणि म्हणाले, 'पत्रात तसं कुठं लिहिलंय, की पैसे घेऊ नका म्हणून?' मी ते पैसे निषेध नोंदवून भरले, म्हणजे पावतीच्या कार्यालयीन प्रतीवर तसे लिहून सही केली. त्यांना ते विचित्र वाटले, पण त्यांनी लिहू दिले.

मला ठाऊक आहे की यावर काही जण म्हणतील, निलंबित चालकांना सोडून द्यायचे का? मुळीच नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, हा सरकारचाच आकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच मद्यपान करून वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, चालवताना मोबाइलवर बोलणे यांसारख्या प्रकारांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले होते, आणि ते योग्यच होते. निलंबन हे खरेच धारदार हत्यार आहे आणि म्हणूनच ते कुणावर पडते आहे हे पाहण्याची जबाबदारी ते उगारणाऱ्याची आहे. सारथी या लायसन्सच्या ऑनलाइन प्रणालीवर मला माझ्याच लायसन्सचे साधे काम करायचे असेल तर क्रमांकासोबत जन्मतारीख द्यावी लागते, कारण नुसत्या क्रमांकावर माणूस ओळखता येत नाही हे ती प्रणाली तयार करणाऱ्यांना माहीत आहे. निलंबन चढवताना जन्मतारखेची हीच पडताळणी सक्तीची असती, तर तो क्रमांक आणि ती जन्मतारीख जुळली नसती आणि नोंद माझ्या नावावर बसलीच नसती. या एका रकान्याला फार मोठा खर्च येईल असे मला वाटत नाही.

दुसरे असे की, नोंद झाली त्या क्षणी मला एक संदेश यायला हवा होता. चलानाचा संदेश गाडी घरी पोहोचण्याआधी मोबाइलवर येतो, मग निलंबनाचा का येऊ नये? तिसरे, चुकीचे निलंबन काढून लेखी पत्र देणे ही ठरावीक मुदतीची सेवा असायला हवी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत असते, ती चुकली की अपील असते, वर आयोग असतो. कार्यालयाने स्वतःची चूक दुरुस्त करणे हे काम त्या यादीत ठळकपणे असावे आणि दुरुस्तीच्या पत्रातच जप्तीचे शुल्क माफ झाल्याचे वाक्य छापलेले असावे, म्हणजे आवारातल्या कारकुनाला शोधत बसावे लागणार नाही. चुकीची वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने तत्त्वतः मान्य केलाच आहे. तो खिडकीपर्यंत पोहोचवणे उरले आहे.

ज्यांच्यावर हीच वेळ येईल त्यांच्यासाठी दोन शब्द. गाडी ताब्यात देण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, पोच घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि आपल्या लायसन्सच्या नोंदीचा उतारा लगेच मागवा, कारण आदेश कुणी, कधी काढला याचा धागा त्यातच सापडतो. सुटकेचा अर्ज कलम २०७(२) खाली करता येतो. तेथे दाद मिळाली नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल वकिलांना दाखवा. जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पाडून ठेवण्यात अर्थ नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मी निषेधासह भरलेले शुल्क परत मिळावे म्हणून अर्ज केला आहे, त्याला मेकॅनिकचे बिल जोडले आहे, आणि चूक ज्या कार्यालयाची होती त्याच्याकडेच तो दिला आहे. रक्कम मोठी नाही. उत्तर नकारार्थी आले तर अपील करणार आहे, आणि माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा एक वेगळा अर्जही टाकला आहे, ज्यात एवढेच विचारले आहे की त्या यादीतल्या बाकीच्या ओळी संगणकातल्या नोंदींशी पुन्हा ताडून पाहिल्या का.