परदेशातून : दोन खुर्च्या, सहाशे किलो

गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी की नवा मोपा, हा वाद जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडू लागल्यापासून आमच्या घरच्या ग्रुपवर थांबलेला नाही. दाबोळीजवळचे, मुरगावातले नातेवाईक म्हणतात, दाबोळी हळूहळू ओस पाडणार. मोपा ज्या तालुक्यात आहे त्या पेडण्यातले विचारतात, आमच्या जमिनी गेल्या त्याचं काय? दोघांचंही दुखणं खरं आहे. परवा त्याच गदारोळात फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने विचारलं, "मामा, विमान कुठे उतरावं यावर सगळे भांडतात. गोव्यात विमान तयार करता येईल का?" त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. म्हणून हे लिहितोय.

मी स्लोव्हेनियाच्या विपावा खोऱ्यात राहतो, कार्बन फायबरचं काम करतो. इथल्या आयदोवश्चिना गावातली पिपिस्ट्रेल ही कंपनी १९८९ पासून छोटी विमानं बनवते. २०१५ मध्ये भारताने हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी तिच्याकडून १९४ दोन आसनी विमानं मागवली. स्लोव्हेनियाची लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास; गोव्याची २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख. "एवढंसं राज्य, आपल्याला कुठलं झेपतंय" हे ऐकतच मी मोठा झालो. आता ते मला पटत नाही.

अमेरिकेने २००४ मध्ये लाइट स्पोर्ट विमानांचा वेगळा वर्ग केला. आसनं दोन, इंजिन एक, उड्डाणाच्या वेळी वजन ६०० किलोंच्या आत, आणि वेग ताशी ८३ किलोमीटरपर्यंत उतरला तरी विमान हवेत टिकलं पाहिजे. २०२५ मध्ये तिथे वजनाची अट काढणारा नियम झाला, तरी युरोपातल्या कारखान्यांचं गणित अजून ६०० भोवतीच फिरतं. भाच्याला मी तेच मांडून दाखवलं. रिकामं विमान ३५० किलो, दोन माणसं १६०, शंभर लिटर पेट्रोल ७२. उरले १८ किलो, त्यात दोघांच्या बॅगा. इथे कारागीर रंगाचा एक जादा हातसुद्धा वजनात मोजतात.

वजनाइतकंच ते कुठे बसतं हेही महत्त्वाचं. चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना थोरले काका कोहळा कधी टोकाला टांगू देत नसत. मध्याजवळ टांगायचे आणि मग दोन्ही बाजूंना नारळाच्या पेंडी, सुपारीची शिपटं बघून बघून लावायचे. विमानाचा गुरुत्वमध्य बोटभर मागे सरकला तरी शेपटीला ते सावरणं जड जातं. हे काम ज्या हातांना कळतं, ते हात गोव्यात आहेत. वास्कोच्या शिपयार्डात तटरक्षक दलाची जहाजं बनतात, पिळर्णला कंपोझिटचे, म्हणजे फायबर आणि रेझिन हा चिकट द्रव मिळून घडवलेले भाग बनतात, किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे गावोगावी सापडतात.

कमी काय आहे? धीर. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेचं दोन आसनी 'हंसा' १९९३ मध्ये पहिल्यांदा उडालं, त्याला प्रमाणपत्र मिळालं २००० मध्ये. नवी आवृत्ती २०२१ मध्ये उडाली आणि पुढच्या वर्षी समुद्रसपाटीच्या चाचण्यांसाठी पुदुच्चेरीला गेली. या वर्षांना आपल्याकडे लोक रखडपट्टी म्हणतात. सेस्नासारख्या मातब्बर कंपनीची दोन आसनी स्कायकॅचरची दोन चाचणी विमानं २००८ आणि २००९ मध्ये गिरकीच्या चाचणीत (विमान मुद्दाम गरगरत खाली सोडून सावरतं का ते बघताना) कोसळली. वैमानिक वाचले, शेपटी बदलावी लागली. चाचणी असते ती यासाठीच. गोव्यात असं विमान पडल्यावर आपल्या घरांत, आपल्या वर्तमानपत्रांत ते बनवणाऱ्या पोरांना पुन्हा उभं राहू देतील का, याची मला खरी काळजी वाटते.

जमिनीबद्दलही बोललं पाहिजे. 'विमानतळ' म्हटलं की पेडण्यातला माणूस दचकतो आणि त्याचं चुकत नाही. इथे बसून त्याला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण असल्या विमानाला पाच-सहाशे मीटर गवत पुरतं. तेही कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची शेतं घेऊन नको, गावाला विचारल्याशिवाय तर नकोच. आणि त्याची गरज लागेपर्यंत शेडमध्ये करायचं काम पाच वर्षांचं आहे.

ते काम पावसापासून सुरू होतं. हवा दमट असली की रेझिन नीट धरत नाही. कोरडी खोली आणि ठरलेलं तापमान लागतं. धरलेलं रेझिनही उन्हात तापलं की मऊ पडतं, म्हणून कंपोझिटची विमानं बहुतेक पांढरी असतात. आपला आषाढ आणि आपला मे, दोन्ही या कामाच्या मुळावर येणारे. यावर युरोपात कुणी आपल्यासाठी उत्तर काढून ठेवलेलं नाही. ते गोव्यातच काढावं लागेल.

भाच्याला सांगितलंय, फायबर आणि रेझिनच्या हातभर पट्ट्या कर. काही भर पावसात, काही जानेवारीत. वजनं टांगून मोड आणि आकडे पाठव. काल पहिल्या पट्टीचा फोटो आला, मागे खिडकीबाहेर पाऊस कोसळतोय. पट्टीच्या कडेला बुडबुडे दिसताहेत. तीही मोड, म्हणून कळवलंय.