डिसेंबरपर्यंत बावन्न

वर्षाला बावन्न पुस्तकांचा संकल्प सोडलाच आहे, तर आता वाचत बसून वेळ घालवू नका. निवडताना विषय बघू नये, जाडी बघावी. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (1939) या कामी उत्तम, एका बैठकीत उरकतं. बोटीवरची प्रेमकथा आहे एवढं कळलं की 'हळुवार' लिहून मोकळं व्हावं. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेली ज्यू हर्टा वाटेत भेटते. तिच्यापाशी रेंगाळू नये. आठवडाभर दुसरं पुस्तक हातात धरवत नाही आणि आकडा तिथेच अडकतो.

'मृत्युंजय' जाडजूड, म्हणून ऐकावं, तेही दुप्पट वेगाने. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण सगळेच कर्जत फास्ट पकडायला निघाल्यासारखे बोलतील. बोलू द्या. कर्णावर अन्याय झाला हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तेच लिहायचं.

'कोसला'वर लिहिताना 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' सढळ हाताने पेरावं. दोन्ही सुरुवातीलाच सापडतात, पुढे जायची सक्ती नाही. गेलात तर नायकाच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण लागतं. तिथे वगैरे सुचत नाही.

खरी कसोटी 'बलुतं'ची. 1978 सालचं दलित आत्मकथन, त्यामुळे सगळी क्रियापदं भूतकाळी ठेवायची मुभा मिळते. दया पवारांनी लिहिलेली मुंबईतली कावाखान्याची वस्ती वाचून सुन्न व्हावं, निदान तसं जाहीर करावं, आणि 'किती भयंकर दिवस होते ते!' म्हणून हळहळावं. हे टाइप करताना भांडी घासायला येणाऱ्या मावशींना चहा द्यायची वेळ झाली, तर खिडकीत पालथा घातलेला, कान उडालेला तो वेगळा कप नेहमीसारखा काढावा. प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नको, शब्दमर्यादा असते. पाचपैकी चार तारे पुरेत. एक भाषेबद्दल कापावा, म्हणजे तुम्ही चिकित्सक ठरता.

फोटोत मात्र हयगय नको. पुस्तक, चष्मा, शेवंतीचं फूल. ग्रंथालयाचा शिक्का दिसू नये, पुस्तक विकत घेतलंय असं वाटलं पाहिजे.

एवढं करूनही डिसेंबरात सात-आठ कमी पडलीच, तर घरात दिवाळी अंक असतातच. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तो अशाच अडल्यानडल्यांसाठी असावा. एका अंकातल्या चार कथा म्हणजे चार पुस्तकं धरावीत. राशिभविष्याचं पाचवं. ते तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचता.