बॉस, जरा सरका

आम्हा नाशिककरांना घराबाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत दहा-बारा बढत्या मिळतात. द्वारकेवर रिक्षावाला विचारतो, "बॉस, सीबीएस?" मिसळीच्या टेबलावर शेजारचा कोपर टोचून म्हणतो, "बॉस, जरा सरका." पार्किंगवाला तर "बॉस, गाडी काढा" असा हुकूमच सोडतो. ज्याला बॉस म्हणायचं त्यालाच कामाला लावायचं, अशी आमच्याकडची रीत. ज्याचं खरंच ऐकावं लागतं, त्याला आम्ही साहेब म्हणतो.

मूळ पाहिलं तर यात फारसं वावगं नाही. बॉस हा डच 'बास'चा वंशज. बास म्हणजे मालक, मुकादम. न्यूयॉर्क 1664 पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं. तिथला हा शब्द पुढे अमेरिकी इंग्रजीत रुळला, कारण गुलामांच्या धन्याला 'मास्टर' म्हणत आणि मजुरीवर राबणाऱ्या मोकळ्या माणसाला तो शब्द नकोसा वाटे. दक्षिण आफ्रिकेत मात्र तोच 'बास' काळ्या मजुराला गोऱ्यापुढे म्हणावा लागे.

खरी पंचाईत अंबड-सातपूरच्या कारखान्यांत. तिथे ड्रॉइंगवरही बॉस असतो आणि त्याचा या खानदानाशी काही संबंध नाही. तो आला जुन्या फ्रेंचमधून, अर्थ उंचवटा किंवा कुबड. लग्नपत्रिकेवरचं 'एम्बॉस' त्याचंच भावंड. फाउंड्रीत साच्यात धातूचा रस ओतून जो भाग बनतो त्या कास्टिंगवर बोल्टच्या भोकाभोवती जो गोल फुगवटा ठेवतात, तो हा बॉस. भिंत 6 मिमी, बोल्ट एम-10 (म्हणजे 10 मिमी जाडीचा), पिच (दोन आट्यांतलं अंतर) 1.5 मिमी, म्हणजे आटे मिळणार जेमतेम 4. पाना जरा जोरात फिरला की ते गेले. वर 9 मिमीचा बॉस चढवला की 10 आटे मिळतात आणि बोल्ट मुकाट बसतो.

पण बॉस फार माजवायचा नाही. पातळ भिंती आधी गोठतात, जाडजूड बॉस सगळ्यांच्या शेवटी थंड होतो. गोठताना धातू आकसतो, तोवर भरीला रस उरलेला नसतो, आणि आत पोकळी राहते. वरून अगदी गुळगुळीत. ड्रिल घातल्यावर कळतं. म्हणून वर रायझर, म्हणजे जादा रसाचा साठा, ठेवून रस पुरवत राहावा, नाहीतर साच्यात चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, बसवून बॉसला लवकर गार करावं. प्लास्टिकमध्ये याच कारणाने बॉसची भिंत मुख्य भिंतीच्या साधारण 60 टक्के ठेवतात; जाड झाली तर दर्शनी बाजूला खळगा पडतो.

आणि एक. "बॉस पोकळ निघाला, घासून टाका" हे फाउंड्रीत मोठ्याने ओरडण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघून घ्यावं.