लुकाकूच्या गोष्टीतला गाळलेला भाग

बेल्जियमचा फुटबॉलपटू रोमेलू लुकाकू, त्याची ती दुधाची गोष्ट पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागली आहे. सहा वर्षांचा पोरगा मधल्या सुट्टीत घरी जेवायला येतो, आई दुधात काहीतरी मिसळताना दिसते, ते पाणी असतं, आणि पोराला कळून चुकतं की आपल्या घरात आता काहीच उरलेलं नाही. खाली ‘जिद्द असावी तर अशी’, आणि हात जोडलेली इमोजी.

गोष्ट खरी आहे. २०१८ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर लुकाकूने स्वतःच एका लांबलचक लेखात ती सांगितली होती. त्यात याहून बरंच काही आहे. घरातली वीज दोन-दोन, तीन-तीन आठवडे गेलेली असायची. बेकरीवाले ओळखीचे, म्हणून सोमवारी पाव उधार मिळायचा आणि पैसे शुक्रवारी द्यायचे. २००२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला झिदानचा तो व्हॉली शाळेतल्या सगळ्या पोरांनी पाहिलेला, आणि याच्या घरचं केबल बंद. मग दुसऱ्या दिवशी आपणही पाहिल्याचं सोंग आणत पोरांच्या गप्पांत मान हलवत राहायचं. वडील रॉजर लुकाकू हे स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू, झाईरकडून म्हणजे आजच्या काँगोकडून खेळलेले. पण बेल्जियममधली त्यांची कारकीर्द संपत आली तसा पैसाही संपला. बाराव्या वर्षी पोराने ३४ सामन्यांत ७६ गोल केले, ते बापाचेच बूट घालून.

हे सगळं आपल्याला आवडतं. गरिबी, आई, घाम, यश. पण त्याच लेखात आणखी एक परिच्छेद आहे आणि मराठीत फिरणाऱ्या एकाही मेसेजमध्ये मला तो दिसलेला नाही. लुकाकू म्हणतो, माझं बरं चाललेलं असलं की पेपरात मी ‘बेल्जियमचा स्ट्रायकर’ असतो, आणि गोल आटले की ‘काँगोली वंशाचा बेल्जियन स्ट्रायकर’ होतो. आणि अकरा वर्षांचा असतानाचा तो प्रसंग: लिअर्स क्लबच्या पोरांच्या संघातून खेळायला गेला, तर समोरच्या संघातल्या एका मुलाचे पालक त्याला मैदानात उतरू देईनात. वय किती याचं? ओळखपत्र कुठंय? आला कुठून हा? वडील सोबत नव्हते, कारण बाहेरगावच्या सामन्यांना यायला घरात गाडी नव्हती. पोराने स्वतःच बॅगेतून ओळखपत्र काढलं आणि ते पालक हातोहात फिरवत तपासत बसले. जन्म अँटवर्पचा, म्हणजे बेल्जियममधलाच.

आता हा परिच्छेद का गळतो? माझ्या मते कारण सोपं आहे. दुधाच्या गोष्टीत दोषी कोणीच नसतं. गरिबी होती, पोरगं लढलं, जिंकलं, आपण टाळ्या वाजवल्या. ओळखपत्राच्या गोष्टीत मात्र समोर माणसं उभी असतात, चांगली शिकली-सवरलेली, पोराला खेळायला घेऊन आलेली. तिथे टाळ्या वाजवता येत नाहीत.

आणि बेल्जियम म्हणजे काही साधं गाव नव्हे. काँगो ही त्यांची वसाहत; तिथे बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने रबरासाठी काय केलं ते सोडा, ती जुनी गोष्ट. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात काँगोली माणसांचं एक ‘गाव’ उभारलं होतं. जिवंत माणसं कुंपणाच्या आत, आणि बाहेरून बघे त्यांच्याकडे केळी फेकायचे. काँगो स्वतंत्र झाला ३० जून १९६० ला. लुकाकू जन्मला १३ मे १९९३ ला. म्हणजे ते प्रदर्शन तरुणपणी पाहून आलेली माणसं हा पोरगा खेळत होता तेव्हा प्रेक्षकांत बसलेली असू शकतात.

स्ट्रायकर असणं त्यात आणखी वाईट. डावा बचावपटू वाईट खेळला तर ते चार जाणकारांना कळतं. स्ट्रायकरचा हिशेब मात्र फलकावर लागतो, ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही वाचता येतो. बाहेरून आलेल्या घरातल्या पोराला दर शनिवारी हा हिशेब दाखवून आपलं देशाचं असणं नव्याने सिद्ध करायचं असतं. बेंझेमाचं फ्रान्समध्ये हेच झालं, ओझिलने जर्मनीची जर्सी सोडली तेव्हा हेच बोलून दाखवलं. आपल्याकडे २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर शमीला काय काय ऐकवलं गेलं तेही आठवा. तो तर स्थलांतरितही नाही.

लुकाकूने हिशेबात काही बाकी ठेवलेली नाही. अँडरलेख्त या बेल्जियन क्लबकडून पहिल्यांदा उतरला तो सोळाव्या वर्षी, मे २००९ मध्ये, तोही थेट विजेतेपदाच्या निर्णायक सामन्यात. पुढच्याच मोसमात १५ गोल करून बेल्जियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा. त्याआधी १९ वर्षांखालील संघाच्या कोचशी त्याने पैज लावली होती, मला खेळवा, डिसेंबरपर्यंत २५ गोल करतो, केले तर कोचने सगळ्या संघाला पॅनकेक खाऊ घालायचे. नोव्हेंबरातच २५ गोल झाले, ख्रिसमसच्या आधी पॅनकेक खाऊन झाले. (असल्या पैजा तोंडाळ पोरंच लावतात, आणि मला तोंडाळ पोरं आवडतात.) बेल्जियमसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम वर्षानुवर्षे ३० वर अडकला होता. तो त्याने २०१७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी मोडला. आज तो ८० च्या पुष्कळ पलीकडे आहे आणि त्याच संघातला एडन हझार्ड ३३ वर थांबला. आकडे पुन्हा वाचा. तरी आपल्याकडच्या फुटबॉल ग्रुपांवर लुकाकू म्हणजे काय? बॉल त्याच्या पायाला लागून तीन मीटर उडाल्याचा व्हिडिओ.

ज्यांना हा गडी नुसता धिप्पाड वाटतो त्यांनी २ जुलै २०१८ चा रोस्तोवचा सामना काढून बघावा. बेल्जियम जपानविरुद्ध ०–२ मागे पडून २–२ वर आलेलं, दुसरा गोल फेलायनीचा. ९४ वं मिनिट, जपानचा कॉर्नर. बेल्जियमचा गोली कोर्तुआने बॉल हातात घेतला आणि लगेच डी ब्रॉयनेकडे सरकवला. आता डी ब्रॉयनेकडे बघू नका, लुकाकूकडे बघा. तो मधून असा तिरका पळतो की जपानचा बचावपटू त्याच्यामागे आत ओढला जातो आणि उजवीकडचा अख्खा पट्टा मोकळा पडतो. बॉल तिथे म्युनिएकडे जातो, तो जमिनीलगत क्रॉस मारतो. बॉल लुकाकूच्या पायाशी, गोल समोर, वर्ल्ड कपचा बाद फेरीचा सामना, शेवटचे क्षण. कुठला स्ट्रायकर तिथे पाय लावणार नाही? याने बॉल सोडून दिला. मागून शादली येतोय हे त्याला ठाऊक होतं. ३–२. फेलायनी आणि शादली, दोघेही मोरोक्कन आईबापांची बेल्जियममध्ये जन्मलेली मुलं. त्या रात्री त्या तिघांच्या वंशाची कोणालाही आठवण झाली नसणार.

आता त्याची बाजू घेतोय म्हणून सगळंच माफ, असं नाही. २०२१ मध्ये चेल्सीने ९ कोटी ७५ लाख पौंड मोजून त्याला परत आणलं आणि वर्षही सरलं नाही तोच याने इटालियन चॅनेलला मुलाखत देऊन इंटर मिलान या आधीच्या क्लबच्या आठवणी काढल्या. त्या मोसमात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ९० मिनिटांत त्याचा बॉलला सात वेळा स्पर्श झाला. सात! पुढे इंटरच्या चाहत्यांनाही त्याने प्रतिस्पर्धी युव्हेंटसशी बोलणी करून दुखावलं. यासाठी शिव्या द्या की, मीही देतो. पैशासाठी निष्ठा बदलणं हा खेळाडूचा दोष झाला. त्याचा रंगाशी काय संबंध?

संबंध जोडला जातोच. १ सप्टेंबर २०१९, इटलीतलं कॅल्यारी. इंटरकडून पेनल्टी घ्यायला उभा राहिला तेव्हा गोलमागच्या प्रेक्षकांतून माकडांचे आवाज. त्याने पेनल्टी मारली आणि तिथेच उभा राहून त्या स्टँडकडे नुसतं बघत राहिला. क्लबला शिक्षा झाली नाही. त्याहून कहर म्हणजे इंटरच्याच कट्टर चाहत्यांनी त्याला खुलं पत्र लिहून समजावलं की हा वर्णद्वेष नव्हे, इटलीत प्रतिस्पर्ध्याला असंच डिवचतात. म्हणजे माकड म्हणणारे परके आणि ‘तू उगाच मनावर घेतोस’ म्हणणारे घरचे.

एप्रिल २०२३ मध्ये, पुन्हा इंटरकडून खेळताना, ट्युरिनला युव्हेंटसविरुद्ध तेच. कोपा इटालियाची उपांत्य लढत, ९५ व्या मिनिटाला पेनल्टी, पुन्हा तेच आवाज. त्याने गोल केला, एक हात कपाळाशी सलामीला, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. रेफ्रीने दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं ते त्यालाच. अपील फेटाळलं गेलं. शेवटी इटालियन फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांनी आपल्या अधिकारात त्याच्यावरची बंदी उठवली. शिवी खाणाऱ्याला माफी मिळाली, हे वाक्य लिहिताना माझाच हात थबकतो.

२०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये क्रोएशियाविरुद्ध त्याने सोप्या संधी घालवल्या, बेल्जियम गटातच गारद झालं, आणि डगआउटच्या पारदर्शक पत्र्यावर ठोसा मारून तो रडला. तो दुखापतीतून नुकताच उठला होता. मीम आठवडाभर चालले.

पुढे २०२४ मध्ये तो नापोलीला गेला, पुन्हा अंतोनिओ काँतेच्या हाताखाली. इंटरकडून त्याने इटलीची लीग जिंकली तीही याच कोचबरोबर. वय ३१, लोकांनी संपला म्हणून सोडून दिलेला. मोसमात १४ गोल. २३ मे २०२५, शेवटचा सामना, जिंकलं तर विजेतेपद. समोर कॅल्यारी. पहिला गोल मॅकटॉमिनेचा. दुसरा, उत्तरार्धात, लुकाकूचा: लांबून आलेला बॉल, अंगाला झोंबणारे बचावपटू, त्यांना रेटत पुढे, आणि गोलीच्या बाजूने आत. २–०, नापोली विजेते. पेपरांत दुसऱ्या दिवशी तो बेल्जियमचा स्ट्रायकर होता.