घरच्यासारखं राहा, पण…

पाहुण्यांना 'घरच्यासारखं राहा' म्हणायची सवय मला आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, घेतल्यापासून मोडावी लागलीय. घरी फ्लश केलं की विषय संपतो, इथे तिथूनच सुरू होतो. जे खाली जातं ते कुठेही जात नाही, पायाखालच्या ब्लॅक टँकमध्ये ठाण मांडून बसतं. आमची टाकी 120 लिटरची, आम्हा दोघांना आठवडाभर सहज पुरते, पण परवा मामा, मामी, मावशी आणि मावसबहीण चार दिवस राहायला आले आणि मी भाचा-बिचा कोणी न उरता टाकीचा हिशेबनीस झालो.

पहिल्या संध्याकाळीच सगळ्यांना त्या कपाटाएवढ्या संडासासमोर उभं करून डेमो दिला. हे पायाचं पॅडल, अर्धं दाबलं की भांड्यात पाणी येतं, पूर्ण दाबलं की झडप उघडते. घरच्यासारखा वळणाचा पाइप इथे नसतो, त्यामुळे झडपेवर थोडं पाणी राहिलंच पाहिजे, नाहीतर वास थेट वर. आणि छतावरचा पंखा फ्लश करताना बंद, तो टाकीतलीच हवा वर ओढतो. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढचं मोठ्यांसमोर कसं बोलायचं? 'एक नंबरला पाणी कमी, दोन नंबरला भरपूर,' असं मी एका दमात उरकलं, तर मामी एकदम खिडकीबाहेर बघायला लागली आणि मावशी म्हणाली, 'भरपूर म्हणजे किती रे?' काय सांगणार, पाणी वाचवलं तर ढीग साचतो, नाही वाचवलं तर टाकी भरते.

मग मावसबहिणीच्या बॅगेतून ओले वाइप्स निघाले. 'दादा, यावर फ्लशेबल लिहिलंय!' मी वाद घातला नाही, दोन बरण्यांत पाणी घेतलं, एकीत आमचा पातळ टॉयलेट पेपर, दुसरीत तिचा वाइप, आणि दोन्ही खळाखळा हलवल्या. पेपरचा पार लगदा झाला, वाइप मात्र धुऊन वाळत घालावा असा ठणठणीत. बहीण गप्प. बरण्या तशाच टेबलावर राहिल्या आणि सकाळी मामीनं त्या बघून जे तोंड केलं ते अजून आठवतंय.

दुसऱ्या दिवशी पॅनेलवर दोन-तृतीयांशचा दिवा लागला. त्यावर माझा विश्वास नाही, आत सेन्सरला कागद चिकटला की तो रिकाम्या टाकीलाही भरलेली म्हणतो. पण रात्री अडीचला संडासातून आधी मोठ्ठा 'गुडूक' आणि पाठोपाठ मामांचा आवाज आला, 'अरे, हे बोलतंय!' तेव्हा कळलं, या वेळी पॅनेल खरं बोलत होतं.

सकाळी हातमोजे घालून बाहेर गेलो तर मामा आधीच पाइपपाशी वाकून उभे. 'गटाराचं कनेक्शन आहे ना, मग व्हॉल्व्ह बंद कशाला? उघडाच ठेव की, कटकट मिटली!' म्हटलं मामा, तसं केलं तर पाणी तेवढं निघून जातं, बाकीचं आत वाळून त्याचा पिरॅमिड होतो. बरीच टाकी भरू द्यायची, मग एकदम सोडायची म्हणजे वेगानं सगळं जातं, नंतर ग्रे टँक, म्हणजे सिंक-अंघोळीच्या पाण्याचा, उघडायचा, त्या साबणाच्या पाण्यानं पाइपही धुऊन निघतो.

व्हॉल्व्ह खेचला. जोडावर एक पारदर्शक कोपरा आहे, साफ झालं की नाही ते दिसावं म्हणून. मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पाणी नितळ होईपर्यंत हलले नाहीत. मध्येच म्हणाले, 'फोर्स चांगलाय.' मग मी टाकीत थोडं पाणी आणि औषध टाकायला आत निघालो, तर मागून हाक, 'ऐक, आता पुढच्या वेळी खेचायला मी! आणि मावशीला सांग, पाणी जरा सढळ हातानं टाक म्हणावं, लवकर भरेल.'