जुन्या मसल कारला एलईडी: 'दहा मिनिटांचं काम' नव्हे

साठच्या दशकातल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, म्हणजे मसल कार, जपणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय: "मागचे ११५७ नंबरचे बल्ब काढा, त्याच होल्डरमध्ये एलईडी बसवा. दहा मिनिटांचं काम. उजेड दुप्पट, करंट नगण्य, बाकी कशालाही हात लावायला नको." मी मिशिगनमध्ये १९६८ ची डॉज चार्जर सांभाळतो. माझ्या गाडीतही आज एलईडीच आहेत, पण त्याला दहा मिनिटं नाही, तीन रविवार लागले. म्हणून हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

त्यातलं खरं आधी सांगतो. ब्रेक दाबल्यावर जुन्या बल्बमधली तार, म्हणजे फिलामेंट, तापून पूर्ण पेटायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी मात्र तत्क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्या गाडीला थांबायला तेवढ्यात साडेपाच मीटर जास्त मिळतात. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे.

आता "उजेड दुप्पट". ११५७ मध्ये दोन फिलामेंट असतात, टेल लाइटचं सुमारे ८ वॉटचं आणि ब्रेकचं सुमारे २७ वॉटचं. प्रत्यक्ष उजेडातला फरक जवळजवळ दहापट पडतो. मागच्या ड्रायव्हरला ब्रेक कळतो तो या फरकामुळे. बरेच स्वस्त एलईडी टेल लाइटलाच इतके झगझगीत पेटतात की ब्रेक दाबल्यावर उजेड जेमतेम वाढतो. दिवसा हे लक्षात येत नाही. रात्री अशी गाडी सतत ब्रेकवर पाय ठेवल्यासारखी दिसते, आणि खरा ब्रेक लागतो तेव्हा कुणाला पत्ता नसतो.

रंगाचंही तसंच. लोक पांढरा एलईडी घेतात, कारण खोक्यावर त्याचा आकडा मोठा असतो. लाल काच फक्त लाल प्रकाश पुढे सोडते आणि पांढऱ्या एलईडीत लालचा वाटा कमी. बराच उजेड काचेतच अडतो, उरतो तो गुलाबीसर. लाल काचेमागे लालच एलईडी हवा. शिवाय फिलामेंट चहूबाजूंना प्रकाश फेकतं आणि आतला रिफ्लेक्टर त्याच हिशेबाने बनवलेला आहे. फक्त टोकाला एलईडी असलेला बल्ब लावला तर मधोमध एक ठिपका चमकतो, कडा काळ्याच राहतात.

"करंट नगण्य" हे बरोबर, आणि घोळही तिथेच आहे. इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरमध्ये द्विधातूची पट्टी असते. बल्बचा करंट तिच्यातून जातो, ती तापून वाकते, सर्किट तुटतं, गार झाली की पुन्हा जुळतं. ११५७ चं मोठं फिलामेंट सुमारे २.१ अँपिअर ओढतं, एलईडी त्याच्या दशांशाच्या आसपास. पट्टी तापतच नाही आणि इंडिकेटर लुकलुकायच्या ऐवजी नुसता पेटून राहतो. यातल्या अनेक गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर चालतात, त्यामुळे वळणारी गाडी मागच्याला थांबणारी वाटू शकते. करंट वाढून पट्टी पुन्हा तापावी म्हणून ६ ओहमचा रेझिस्टर जोडायला सांगतात. तो सुमारे २७ वॉट उष्णता फेकतो, म्हणजे वाचवलेली वीज डिक्कीत जाळायची, तीही जुन्या वायरिंगशेजारी. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा. त्यातल्या काहींना वेगळी अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची) वायर लागते, तेवढी बघून घ्या.

"बाकी कशालाही हात लावायला नको" या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत दिवे मंद असतात त्याचं कारण बहुतेकदा बल्ब नसतो; गंजलेला होल्डर आणि सैल बॉडी अर्थ असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरलं तर फिलामेंटचा उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. माझ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, होल्डरवर १०.९. पॉलिश पेपरने होल्डर घासले, बॉडीपर्यंत नवी अर्थ वायर टाकली, रिफ्लेक्टर आतून पांढरे रंगवले, आणि जुनेच बल्ब इतके उजळले की ओळखू येईनात. एलईडी मी त्यानंतर घेतले.

बसवून झाल्यावर रात्री टेल लाइट लावून गाडी उभी करा, घरच्या कुणाला ब्रेकवर बसवा आणि साठ पावलं मागे जा. पाय कधी दाबला, कधी उचलला हे हाक न मारता कळलं नाही, तर बल्ब दुकानदाराला परत करा.